मेंदूचे चित्र आणि स्मृतिभ्रंशाचे भेद

वृद्ध रुग्णाच्या नातेवाइकांनी पिशवीतून काढलेले एमआरआयचे मोठे पाकीट आता तालुक्याच्या गावातील वैद्यांच्या मेजावरही येऊ लागले आहे. पाकिटात फिल्म असतात, त्यांना टाचलेला एक अहवाल असतो आणि अहवालाच्या अखेरीस पुष्कळदा एकाच आशयाचे वाक्य असते : वयोमानानुसार मेंदूचा संकोच आणि रक्ताल्पतेमुळे झालेले जुने बदल. ते वाचून नातेवाइकांना वाटते, विशेष काही नाही, वय झाले. वैद्यालाही तसेच वाटण्याचा संभव असतो आणि सारस्वतारिष्ट लिहून प्रकरण मिटते. वस्तुतः त्या पाकिटात त्या एका वाक्याहून बरेच अधिक काही दडलेले असते. स्मृतिभ्रंश हे एका व्याधीचे नाव नसून अनेक व्याधींचे समान लक्षण आहे आणि त्यांपैकी कोणता व्याधी समोर आहे हे ठरविण्यास मेंदूची रचना दाखविणारे चित्र कोठे साहाय्य करते व कोठे करीत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

प्रश्न लहान नाही. मुंबईत डॉ. वाझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली व २००१ साली प्रसिद्ध झालेली पाहणी आपल्या राज्यातील या विषयावरील महत्त्वाच्या पाहण्यांपैकी एक होय. चाळिशीपुढील २४ हजारांहून अधिक नागरिकांच्या त्या पाहणीत ६५ वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने साठीपुढील भारतीयांत हे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोक, असे अनुमान काढले. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती भिन्न असल्याने आकडे एकमेकांशेजारी ठेवून रोग तिपटीने वाढला असे म्हणता येणार नाही. मात्र आपल्या दवाखान्यात येणाऱ्या वृद्धांत असे रुग्ण आहेत आणि त्यांपैकी पुष्कळांना नाव दिले गेलेले नाही, एवढे निश्चित.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या ‘अस्तु’ या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. रस्त्यावरच्या हत्तीच्या मागे निघून गेलेला तो विद्वान अनेकांनी पाहिला असेल. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ असल्यामुळे असेल, पण त्या चित्रणात एक गोष्ट फार खरी उतरली आहे : रुग्णाचे सर्व काही एकदम जात नाही. काही जाते, काही राहते. काय आधी गेले आणि काय राहिले, यातच निदानाची किल्ली असते.

आयुर्वेदाच्या अभ्यासकाला हा विचार परका वाटू नये. संहिताकारांनी आजच्या अर्थाचा डिमेन्शिया स्वतंत्र व्याधी म्हणून सविस्तर वर्णिलेला नाही. त्याची लक्षणे उन्माद, अपस्मार, जरा अशी विखुरलेली सापडतात. परंतु चरकाच्या निदानस्थानातील उन्मादाच्या अध्यायात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचे विभ्रम वेगवेगळे मोजलेले आहेत. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायातही धी, धृती आणि स्मृती यांचा विचार पृथक केलेला आहे. आम्ही आमच्या दवाखान्यात नातेवाइकांची हकीकत घेताना ही आठ नावे कागदावर लिहून ठेवतो आणि प्रत्येकापुढे महिना-वर्ष टाकतो. आधी स्मृती बिघडली काय? की स्मृती बरी असताना शील आणि आचार बदलले? की संज्ञाज्ञानच गढूळ होऊन नसलेली माणसे दिसू लागली? या क्रमावरून मेंदूचा कोणता भाग प्रथम पाहावयाचा हे बव्हंशी ठरते. चरकांना एमआरआय ठाऊक होता असे सुचविण्याचा हा प्रयत्न नव्हे. तसली भाषा शास्त्राला उणेपणा आणते. हकीकत नेमकेपणाने घेण्याचे एक चांगले हत्यार आपल्या घरात आहे, एवढेच आम्हास म्हणावयाचे आहे.

मनाचे स्थान हृदय की शिर, हा वादही आपल्याकडे जुनाच आहे. भेलसंहितेत मनाचे स्थान शिर व टाळू यांच्या मध्ये सांगितले आहे, हे वाचकांस स्मरत असेलच. सुश्रुताने मृत शरीर गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे व मग थर खरवडून अवयव पाहावेत असे सांगितले. पाहिल्याशिवाय ज्ञान संशयरहित होत नाही, ही ती भूमिका होती. पण मेंदूसारखा मऊ अवयव त्या रीतीने हाती लागणे कठीणच.

पाश्चात्त्य वैद्यकातही मेंदू पाहावयाचा म्हणजे मृत्यूनंतरच, ही स्थिती फार काळ होती. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे १९०१ साली ५१ वर्षांची एक स्त्री डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्या देखरेखीखाली दाखल झाली. तिला स्वतःचे नाव लिहिताना मध्येच विसर पडत असे, पतीविषयी निराधार संशय येत असे. १९०६ साली ती मरण पावल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून अल्झायमर यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेन येथे आपले निरीक्षण मांडले. त्याआधी १८९२ साली प्राग येथील आर्नोल्ड पिक यांनी ललाट व शंखप्रदेशाच्या संकोचाचा वेगळा प्रकार वर्णिला होता. जिवंत माणसाचा मेंदू पाहण्यासाठी कण्यातून हवा भरून क्ष-किरण चित्र काढण्याची एक रीत पुढे निघाली. ती इतकी क्लेशदायक होती की वृद्धांवर तिचा प्रयोग सहसा कोणी करीत नसे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी इंग्लंडमधील विम्बल्डनच्या रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मस्तकाचा सीटी स्कॅन झाला आणि ही अडचण संपली. एमआरआय त्यानंतर आला. त्याच्या पायाभूत कार्याबद्दल लॉटरबर व मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मुख्य विषयाकडे वळू. चित्र काढण्याचे पहिले प्रयोजन अल्झायमर ओळखणे हे नसून बरा होऊ शकणारा स्मृतिभ्रंश निसटू न देणे हे होय. याबाबतीत आमचा आग्रह आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

करवीर तालुक्यातील एका खेड्यातून सत्तरीच्या एक आजी सुनेसह आमच्याकडे आल्या. सून म्हणाली, “आत्यांना ब्राह्मी सुरू करा, महिन्याभरात पार विसरायला लागल्यात, दिवसभर पेंगतात.” महिन्याभरात, हा शब्द आम्हांस खटकला. अल्झायमर महिन्याभरात येत नाही, तो वर्षानुवर्षे येतो. खोदून विचारता दोन महिन्यांपूर्वी गोठ्यात पाय घसरून डोके खुंट्यावर आपटल्याचे निघाले. जखम नव्हती, म्हणून कोणी मनावर घेतले नव्हते. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. उजवा पाय किंचित ओढला जात होता. त्याच दिवशी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या पृष्ठावर चंद्रकोरीच्या आकाराचा जुन्या रक्ताचा साठा दिसला. शल्यचिकित्सकांनी कवटीस छिद्र पाडून तो काढला. काही आठवड्यांत त्या आजी दूध संस्थेच्या पासबुकातील हिशेब पूर्वीसारख्या तोंडपाठ सांगू लागल्या.

मेंदूच्या आवरणाखाली साठणाऱ्या या रक्ताविषयी एक सूक्ष्म गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. ताजे रक्त सीटीवर पांढरे दिसते, फार जुने झालेले काळसर दिसते. मधल्या काही आठवड्यांत त्याची छटा मेंदूच्या छटेशी मिळतीजुळती होते आणि ते सहज नजरेआड होते. अशा वेळी मेंदूच्या वळ्या एका बाजूने दबलेल्या आहेत काय, मध्यरेषा सरकली आहे काय, हे पाहावे लागते. वृद्धाचा मेंदू थोडा आकसलेला असल्याने रक्ताला जागा मिळते व डोकेदुखीही फारशी होत नाही. म्हणून पडल्याचा इतिहास विचारावाच लागतो, तो आपण होऊन सांगितला जात नाही.

दुसरा असा प्रकार म्हणजे मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या फुगणे. कोलंबियाचे सालोमोन हकीम व अमेरिकेचे रेमंड ॲडम्स यांनी १९६५ साली तो प्रसिद्ध केला. चाल बिघडणे, मूत्रावरचा ताबा सुटणे आणि विस्मरण ही त्याची त्रयी. यात चाल सहसा प्रथम बिघडते. पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होते, पावले लहान व पसरट पडतात. चित्रात पोकळ्यांच्या पुढच्या शिंगांची रुंदी कवटीच्या आतील रुंदीच्या ०.३ पटीहून अधिक भरते. याला इव्हान्सचा निर्देशांक म्हणतात. पण मेंदू आकसला तरी पोकळ्या मोठ्या होतात, मग फरक कसा ओळखावा? आकसलेल्या मेंदूत माथ्याजवळच्या खाचाही रुंदावतात. या व्याधीत माथ्याजवळच्या खाचा उलट दाटलेल्या असतात आणि बाजूची मोठी खाच मात्र रुंद असते. संशय असल्यास कण्यातून ३० ते ५० मिलिलीटर पाणी काढून आधीची व नंतरची चाल मोजतात. सुधारणा दिसल्यास नळी बसविण्याची शस्त्रक्रिया उपकारक ठरते. आमवात किंवा सायटिका समजून वर्षभर तेल चोळून घेतलेला असा रुग्ण वैद्यांकडेच प्रथम येतो, हे ध्यानात असावे.

ललाटभागातील सावकाश वाढणारे अर्बुद, क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथानंतर पाणी साठणे, डुकराच्या फीतकृमीच्या गाठी हेही चित्रातच कळतात. उलट ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडची मंदता आणि वार्धक्यातील विषाद यांत चित्र पुष्कळदा निर्दोष असते. तेथे रक्ततपासणी व संभाषण हेच साधन. शाकाहारी घरातील विसरभोळ्या वृद्धाचे ब-१२ पाहिल्याशिवाय त्याला एमआरआयच्या रांगेत उभे करणे आम्हांस उलट्या क्रमाचे वाटते.

हे सर्व वगळल्यावर उरतात ते मेंदूच्या ऱ्हासाचे खरे प्रकार, आणि येथे एमआरआय सीटीच्या पुढे जातो.

अल्झायमरमध्ये ऱ्हासाचा आरंभ बहुधा शंखमर्माच्या आत खोलवर, ज्यास टेम्पोरल खंड म्हणतात त्याच्या मधल्या बाजूस होतो. येथे हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ समुद्रघोडा, कारण आकार तसा आहे. नवीन अनुभव साठवून ठेवण्याचे काम त्याचे. म्हणूनच या रुग्णाला चाळीस वर्षांपूर्वीची अंबाबाईची पालखी आठवते आणि सकाळचा नाष्टा आठवत नाही. निरोगी वार्धक्यातही हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण दीड टक्क्याने घटतो. अल्झायमरमध्ये घट ४ ते ५ टक्क्यांच्या आसपास असते. अॅम्स्टरडॅमचे फिलिप शेल्टेन्स यांनी १९९२ साली हा संकोच नुसत्या डोळ्यांनी मोजण्याची शून्य ते चार अशी श्रेणी सुचविली. मस्तकाचा कानापासून कानापर्यंतचा उभा छेद समोर धरावा, हिप्पोकॅम्पसच्या वरची फट किती रुंदावली, शेजारच्या पोकळीचे शिंग किती मोठे झाले आणि स्वतः हिप्पोकॅम्पसची उंची किती घटली, या तीन गोष्टी पाहाव्यात. पंचाहत्तरीच्या आत दोन किंवा अधिक श्रेणी असल्यास ती विकृत समजतात. पंचाहत्तरीनंतर तीन किंवा अधिक. यासाठी महागडे संगणकीय मापन लागत नाही, सरावलेली नजर लागते. अडचण एवढीच की असा उभा छेद मुद्दाम मागितला नाही तर पुष्कळ ठिकाणी काढलाच जात नाही आणि मग अहवालात आरंभी सांगितलेले ते सर्वसाधारण वाक्य येते.

साठीच्या आत सुरू होणाऱ्या अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस बराचसा शाबूत असून मागील-वरचा पार्श्वखंड आकसलेला आढळू शकतो. अशा रुग्णाची तक्रार विसरण्याची नसते. त्याला सुटे पैसे मोजता येत नाहीत, सदरा उलटा घातला जातो, दिसणाऱ्या वस्तूला हात नेमका पोहोचत नाही. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाल्यावर तो वैद्याकडे येतो.

रक्तवाहिन्यांच्या विकाराने येणारा स्मृतिभ्रंश आपल्याकडे विशेष महत्त्वाचा, कारण रक्तदाब व मधुमेह यांचे अनियंत्रित रुग्ण आपल्या जिल्ह्यात विपुल आहेत. येथे मेंदूचा आकार नव्हे तर त्यावरील डाग पाहावयाचे असतात. फ्लेअर नावाच्या चित्रमालिकेत मेंदूच्या पांढऱ्या भागात शुभ्र ठिपके दिसतात. ऑस्ट्रियाचे फ्रान्झ फाझेकास यांनी १९८७ साली त्यांची शून्य ते तीन श्रेणी दिली. एखाददुसरा टिंबासारखा डाग वृद्धापकाळी स्वाभाविक होय. डाग एकमेकांत मिसळून पट्टे झाले की ती तिसरी श्रेणी, आणि ती सहज घेण्यासारखी नाही. याशिवाय ३ ते १५ मिलिमीटरच्या लहान पोकळ्या म्हणजे सूक्ष्म वाहिनी बंद पडल्याच्या खुणा. क्वचित एकच छोटा डाग थॅलॅमससारख्या मोक्याच्या जागी पडून रातोरात स्मृती नेतो, तर कधी डागांनी भरलेला मेंदू घेऊन माणूस व्यवस्थित दुकान चालवीत असतो. म्हणून डागांची संख्या एकटी काही सांगत नाही. लक्षणांचा काळ आणि डागांची जागा यांचा मेळ बसला पाहिजे. या रुग्णांत स्मृतीपेक्षा विचारांची गती आधी मंदावते, आणि रक्तदाब आटोक्यात आणल्यास पुढील हानी रोखण्यास वाव असतो. अल्झायमरपेक्षा येथे आपल्या हाती अधिक आहे.

ललाट-शंख प्रकारात मेंदूच्या पुढच्या भागाच्या वळ्या सुरीच्या पात्यासारख्या पातळ होतात, पुष्कळदा एका बाजूला अधिक. रुग्ण सहसा ४५ ते ६५ वयाचा असतो. नीटनेटका, मितभाषी शिक्षक अचानक परक्यांशी अचकट बोलू लागतो, गोडावर तुटून पडतो, पत्नीच्या आजारपणाचे त्याला काही वाटत नाही. शील, भक्ती आणि आचार आधी जातात, स्मृती मागे राहते. घरचे लोक याला व्यसन, बाहेरचे संबंध किंवा करणी समजतात. अशा संसारांत घटस्फोटाचे कागद तयार झाल्यानंतर एमआरआय निघाल्याची उदाहरणे वैद्यकात अपरिचित नाहीत. डाव्या शंखखंडाचे पुढचे टोक आकसल्यास शब्दांचे अर्थ हरवतात. “कोयता म्हणजे काय?” असे आयुष्यभर ऊस तोडलेला माणूस विचारतो. या प्रकारात अल्झायमरची नेहमीची औषधे उपयोगी पडत नाहीत, प्रसंगी चिडचिड वाढवितात.

लेवी पिंडांचा स्मृतिभ्रंश हा चौथा. जपानच्या केंजी कोसाका यांनी १९७६ पासून त्याकडे लक्ष वेधले. दिवसागणिक, तासागणिक बदलणारी सावधता, स्पष्ट दिसणारी नसलेली माणसे वा मुले, झोपेत हातपाय झाडणे आणि कंपवातासारखा ताठरपणा ही त्याची ओळख. येथे रचनाचित्राची गंमत अशी की त्याचे साहाय्य नकारात्मक आहे. स्मृतिभ्रंश स्पष्ट, आणि हिप्पोकॅम्पस मात्र तुलनेने शाबूत. २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय निकषांत या शाबूतपणाला पूरक पुरावा म्हणून स्थान मिळाले आहे. नेमके निदान लक्षणांवरच होते, आणि ते झाले नाही तर काय होते ते पुढे येईल.

काही आठवड्यांतच झपाट्याने ढासळणाऱ्या रुग्णात डिफ्युजन नावाच्या मालिकेत मेंदूच्या सालीवर पांढरी फीत दिसल्यास क्रॉइट्झफेल्ट-जेकब या दुर्मिळ व असाध्य व्याधीची शंका येते. त्याचा केवळ उल्लेख पुरे.

आता मर्यादा. ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या मेंदूत अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा विकार बहुधा एकत्र नांदतात. शवपरीक्षेच्या अभ्यासांनी हे वारंवार दाखविले आहे. चित्रावरून एकच नाव ठामपणे चिकटविणाऱ्याविषयी सावध राहावे. निर्दोष एमआरआयने आरंभीचा अल्झायमर नाकारला जात नाही. त्याचप्रमाणे आकसलेला मेंदू पाहून, व्यवहारात शाबूत असलेल्या माणसाला स्मृतिभ्रंशाचा शिक्काही मारता येत नाही. शिवाय तुलनेची मापे बरीचशी पाश्चात्त्य मेंदूंवरून घेतलेली आहेत. हैदराबादच्या ट्रिपल आयटी संस्थेतील संशोधकांनी १०० भारतीयांच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. २०१९ साली तो जाहीर झाला तेव्हा आपल्या मेंदूची सरासरी लांबी, रुंदी व आकारमान पाश्चात्त्य नकाशापेक्षा कमी असल्याचे दिसून आले. म्हणजे परदेशी संगणक-प्रणालीने छापलेला ‘आकारमान कमी’ हा शेरा डोळे मिटून स्वीकारता येणार नाही. असे असले तरी चित्राचा एक मोठा गुण आहे. शाळेत न गेलेल्या आजींना कागद-पेन्सिलीच्या परीक्षेत अकारण कमी गुण मिळतात. मेंदूच्या चित्राला साक्षरतेची अट नाही.

आणि चित्राशिवायही पुष्कळ करता येते. गोव्यात डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांत केलेला व २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने वाचनीय आहे. स्थानिक, विशेष पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या सहा महिने घरोघर जाऊन काळजी घेणाऱ्यांना मार्गदर्शन करीत. त्याने त्या काळजीवाहूंचे मनःस्वास्थ्य सुधारले. चंदगड-आजऱ्याच्या डोंगरी भागात, जेथून कोल्हापूर दूर पडते आणि बेळगाव जवळ वाटते, तेथे असे काही करण्यास आपल्या वैद्यांना वाव आहे.

औषध विक्रेत्या बंधूंसाठी आता थोडे विस्ताराने लिहितो, कारण प्रकार ओळखण्याचे महत्त्व त्यांच्या काउंटरवर सर्वांत प्रत्यक्ष आहे. लेवी पिंडांच्या रुग्णाला भास होतात म्हणून कोणी हॅलोपेरिडॉल दिले तर तो लाकडासारखा ताठ होऊ शकतो, प्राणावरही बेतू शकते. जुनी चिठ्ठी दाखवून हे औषध वारंवार नेणाऱ्या नातेवाइकाला ‘बाबा ताठ झालेत काय, चालतात काय’ एवढे विचारले तरी पुरे. याच रुग्णात कवचबीजाची प्रमाणाबाहेर मात्रा भास वाढवू शकते, कारण त्यात लेव्होडोपा असतो. वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज आपणच प्रथम सोडला पाहिजे. कनकासवात धत्तूर आहे. झोपेच्या काही योगांत पारसिक यवानी आहे. दोहोंतील द्रव्ये मेंदूतील ज्या रसायनाचा अवरोध करतात, त्याचीच अल्झायमरमध्ये आधीच टंचाई असते. त्यामुळे दम्यासाठी कनकासव घेणारा वृद्ध अचानक बरळू लागला तर आधी बाटली पाहावी. सर्दीच्या झोप आणणाऱ्या जुन्या ॲलोपॅथिक गोळ्यांचेही तसेच. सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली जगापुढे मांडला ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. परंतु तीच सर्पगंधा वृद्धात विषाद आणि कंपवातासारखी लक्षणे उत्पन्न करते व स्मृतिभ्रंशाचा आभास निर्माण करते.

मेध्य रसायनांविषयी आम्हांस आदर आहे. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची, शंखपुष्पी यांचा चरकोक्त उपयोग आम्ही करतो. पण ब्राह्मीवरच्या आधुनिक चाचण्या बहुतांशी निरोगी किंवा सौम्य विस्मरणाच्या व्यक्तींवर झालेल्या आहेत आणि बाजारात ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णी मिळते हा घोळही मिटलेला नाही. परदेशात गिंको बिलोबाचा गाजावाजा झाला होता. ३ हजारांहून अधिक वृद्धांवर केलेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत स्मृतिभ्रंश टाळण्यास तो उपयोगी पडला नाही. मेंदूच्या विकारांवर औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे. दुकानाबाहेर स्मृतिभ्रंशावरील गुणकारी औषधाचा फलक लावणाऱ्यांनी हे जाणून असावे.

रक्त पातळ करणारी औषधे हा आणखी एक मुद्दा. एसडब्ल्यूआय या मालिकेत मेंदूतील सूक्ष्म जुने रक्तस्राव काळ्या टिंबांसारखे दिसतात. ते खोलवर असल्यास रक्तदाबाकडे, आणि केवळ पृष्ठाजवळ असल्यास वाहिन्यांच्या भिंतीत अमिलॉइड साचण्याकडे बोट दाखवितात. दुसऱ्या प्रकारात ॲस्पिरिनचा निर्णय तज्ज्ञांनीच तोलून घ्यावयाचा असतो. स्वतःच्या मनाने ‘हृदयासाठी चांगली’ म्हणून रोज एक गोळी नेणाऱ्या विसरभोळ्या वृद्धाला विक्रेत्याने डॉक्टरांकडे धाडावे. २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅब या औषधालाही सुरुवातीला व उपचारादरम्यान वारंवार एमआरआय लागतो, तो याच रक्तस्राव व सुजेच्या भयाने.

तज्ज्ञाकडे किंवा चित्रकेंद्राकडे पाठविताना चिठ्ठी कशी लिहावी? ‘स्मृतिभ्रंश, एमआरआय ब्रेन’ एवढ्याने काम भागत नाही. लक्षणे किती महिन्यांची, आठांपैकी कोणता विभ्रम प्रथम, पडल्याचा इतिहास, रक्तदाब, मधुमेह आणि चालू असलेली सर्व औषधे, आपली सुद्धा, लिहावीत. हिप्पोकॅम्पसमधून जाणारे उभे छेद, फ्लेअर, डिफ्युजन आणि एसडब्ल्यूआय या मालिका मागाव्यात. या कामासाठी शिरेतून रंगद्रव्य देण्याची सहसा गरज नसते, तेवढा खर्च वाचतो. पेसमेकर किंवा मस्तकात जुनी धातूची क्लिप आहे काय हे आधीच विचारून लिहावे. अस्वस्थ रुग्ण अर्धा तास यंत्राच्या आवाजात निश्चल पडून राहणार नाही असे वाटल्यास काही मिनिटांत होणारा सीटी स्कॅन पत्करावा. बरे होणारे प्रकार वगळण्यास तो बहुधा पुरेसा पडतो. पहिल्या चित्रानंतर वर्ष-दीड वर्षाने दुसरे काढण्याची वेळ आली तर ऱ्हास कोठे व किती वेगाने झाला हे तुलनेनेच कळते. तेव्हा पहिल्या फिल्म आणि सीडी माळ्यावर अगर रद्दीत न टाकता सपाट जपून ठेवाव्यात, असे नातेवाइकांना चिठ्ठीच्या पाठीवरच लिहून द्यावे.